दाबलं की हात काखेत

आमच्या वन्संना काही विचारलं की उत्तर लगेच येत नाही. लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी स्वयंपाकघरातून विचारलं, "वन्सं, तुमचाही चहा टाकू का?" त्या दारातच उभ्या होत्या. माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं, आणि गप्प. मला वाटलं ऐकू कमी येत असेल. पुन्हा मोठ्यानं विचारलं. तरी गप्प. मग म्हटलं मरू दे, माझ्यापुरता टाकला, गाळला, कप घेऊन बाहेर निघाले तर मागून आवाज आला, "टाक." मी मुकाट्यानं परत भांडं चढवलं. दूध ओततेय तोच पुन्हा, "टाक." दोनदा विचारलं होतं ना, म्हणून दोनदा उत्तर! मी तिरीमिरीत दोन कप केले आणि त्यांच्यापुढे आपटले. त्या दोन्ही प्यायल्या, कप विसळून पालथे घातले आणि कामाला गेल्या. बाई शिष्ट आहे, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

मी शाळेची बस चालवते. माझ्या कामात पाय ब्रेकवर पडला की गाडी थांबलीच पाहिजे, नाहीतर मागची सगळी पोरं एकमेकांच्या दप्तरांवर. अशा बाईला वन्संसारखी नणंद मिळावी म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य. गंमत अशी की त्यांचा धंदाही ब्रेक मारण्याचाच. फक्त त्यांचा ब्रेक दाबला की तो लागला की नाही, हे गाडी तीन मिनिटांनी सांगते.

त्यांचं काम मला समजायलाच वर्ष लागलं, म्हणून सोपं करून सांगते. आभाळात फार लांबवर मोठाले दगड भटकत असतात. लघुग्रह म्हणतात त्यांना. कुणात धातू असतो, कुणात गोठलेलं पाणी. ते काढायला यंत्रं पाठवायची तर दगड आधी स्थिर हवा, आणि हे दगड जन्मापासून कोलांट्या खात असतात. पंख्यावरची धूळ पुसायची तर आधी पंखा बंद करावा लागतो, त्यातलाच प्रकार. म्हणून दगडावर चार छोटी इंजिनं ठोकून बसवतात आणि इथून हुकूम पाठवून ती थोडी थोडी उलटी पेटवतात. फिरणं कमी कमी होत शेवटी थांबतं. मग जाळीचं जहाज येतं, दगड जाळीत घालतं आणि ढकलत ढकलत खाणीच्या यंत्रांपर्यंत नेतं. वन्संकडे यातलं थांबवायचं काम.

ऐकायला सोपं वाटतं. पण हे दगड म्हणजे वरून दगड आणि आतून नुसता खडीचा ढीग. जेमतेम एकमेकांना धरून बसलेला. जरा जोर जास्त झाला की विस्कटला. आणि आपला हुकूम तिथे पोचायला दीड मिनिट, तिथलं उत्तर यायला दीड मिनिट. त्या तीन मिनिटांत माणसाला वाटतं, पोचलंच नाही वाटतं, अजून एकदा दाबूया. तिथेच घात होतो. पहिला हुकूमही पोचतो, दुसराही पोचतो, आणि ब्रेक दुप्पट लागतो.

म्हणून त्यांच्या खोलीच्या भिंतीवर हातानं रंगवलेलं आहे: "दाबलं की हात काखेत." मी डोळ्यांनी बघितलंय. पाच टेबलं, प्रत्येकावर झाकणाचं एक बटण. झाकण उघडायचं, दाबायचं, झाकण बंद करायचं आणि दोन्ही हात काखेत खुपसून बसायचं, उत्तर येईपर्यंत. शिकलेली सवरलेली माणसं, थंडीत कुडकुडणाऱ्या पाखरांसारखी बसलेली असतात. वन्सं तर घरीही तशाच. भाजीत मीठ घातलं की हात काखेत. मुरल्याशिवाय दुसरी चिमूट नाही. मी बाजूला उभी राहून दात ओठ खायची.

ती पाटी वन्संनीच रंगवलेली. का, ते त्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात आणि सांगताना आवाज खाली करत नाहीत. "माझा पहिला दगड मी फोडला." उत्तराला जरा उशीर झाला, धीर सुटला, त्यांनी परत दाबलं. बघता बघता ढिगाचे दोन ढीग झाले, चार इंजिनांपैकी दोन कुठे भरकटली ती आजतागायत सापडली नाहीत. त्यांना उचलून गोदामात सुटे भाग पुसायला बसवलं. लोक म्हणाले, आता ही सोडून जाईल. ही कसली जातेय! भाग पुसत राहिल्या, परत टेबल मिळवलं, आणि पहिल्या दिवशी रंगाचा डबा घेऊन भिंतीपाशी गेल्या. कुणीतरी म्हणालं, अहो, स्वतःची फजिती कशाला भिंतीवर लिहिता? तर म्हणाल्या, "लाज वाटायची तेवढी मला वाटून झाली. आता तुमच्या उपयोगी पडू दे."

लग्न केलं नाही त्यांनी. का, हे मी एकदा धीर करून विचारलं. उत्तर भांडी घासून झाल्यावर आलं. ऑफिसातलाच एक जण होता. जिन्यात थांबवून त्यानं विचारलं. ह्या आपल्या गप्प. त्याला वाटलं नकार आहे, तो बिचारा मान खाली घालून जिना उतरून गेला. तो गेल्यावर ह्या रिकाम्या जिन्याला "हो" म्हणाल्या. "मग मागे धावत का नाही गेलात?" मी विचारलं. "कशाला? तीन मिनिटं थांबवेना त्याला, जन्मभर काय थांबणार होता?" आणि अशा हसल्या की मलाही हसू आलं. पण त्या रात्री मला त्यांचं फार वाईट वाटलं, हेही खरं.

आता बटाट्याचं सांगते. बटाटा म्हणजे त्यांचा अलीकडचा दगड. त्याला काहीतरी लांबलचक नंबर होता, पण दिसायला बटाटा म्हणून सगळं ऑफिस बटाटाच म्हणे. चार वर्षं वन्सं त्याच्यामागे होत्या. आमच्या घरात जेवताना बटाट्याची चौकशी व्हायची, एखाद्या आजारी काकांची व्हावी तशी. आज कसा आहे? आज जरा सावकाश आहे. शेवटी शेवटी त्याची एक गिरकी वीस मिनिटांवर आली, आणि शेवटच्या ब्रेकचा दिवस ठरला.

त्या ऑफिसात एक रीत आहे. शेवटच्या ब्रेकला घरच्यांना बोलवतात. काचेमागे खुर्च्या मांडतात, आतलं बोलणं बाहेर ऐकू येईल अशी सोय करतात. आम्ही दोघं गेलो. आमचे हे म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, छापखान्यात कामाला, स्वभावानं इतके गरीब की बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तर हेच सॉरी म्हणणार. सकाळपासून यांचा गुडघा हलत होता. आमच्या बाजूला खाणीत पैसे लावणारे पाहुणे बसले होते, कडक इस्त्रीचे.

साहेब नवे होते. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. पाहुण्यांना हसून दाखवत होता आणि दर मिनिटाला घड्याळ बघत होता. वन्संनी झाकण उघडलं, दाबलं, झाकण बंद केलं, हात काखेत. बाकी चौघांचेही हात काखेत. शेजारच्या पाहुण्यानं मला हळूच विचारलं, "आत फार थंडी आहे का?"

तीन मिनिटं झाली. इंजिनं पेटून विझायला लागतो तो वेळही झाला. उत्तर नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बटाट्याला ऐकायला चार कान होते, प्रत्येक इंजिनाला एक. पण बोलायला तोंड एकच, म्हणजे उत्तर पाठवणारा अँटेना. पूर्वी दोन होते. एक धुळीनं कधीच बंद पडला होता. आणि बटाटा वीस मिनिटांत एकदा गिरकी घेणार, म्हणजे निदान वीस मिनिटांत एकदा तरी तोंड आपल्याकडे यायलाच पाहिजे. म्हणून सगळे वीस मिनिटं थांबले. मग अजून थोडं थांबले. पडद्यावर काही नाही. साहेब वन्संच्या टेबलापाशी आला.

"मॅडम, परत पाठवा."

वन्संचं ते नेहमीचं, खिडकीकडे बघणं. खोलीला खिडकी नव्हती, तरी.

मग म्हणाल्या, "नाही."

"अहो, उत्तर येत नाहीये."

"दोन गोष्टी असतील. एक तर तो थांबलाय, आणि थांबताना तोंड पलीकडे राहिलंय. म्हणून गप्प आहे."

"किंवा दुसरं तोंडही बिघडलंय. इंजिनं पेटलीच नाहीत, आणि तो अजून फिरतोय."

"हो. तसंही असेल."

"मग यातलं खरं काय?"

"मला माहीत नाही," वन्सं म्हणाल्या. "माहीत नसताना मी दाबत नाही."

साहेबाचंही बरोबर होतं, हे मला कबूल करायला हवं. जाळीचं जहाज संध्याकाळी तिथे पोचणार होतं. तेही ब्रेक मारत येत होतं, त्यामुळे त्याचा कॅमेरा उलट्या दिशेला. पोचेपर्यंत त्याला काही दिसणार नाही. आणि पोचल्यावर बटाटा फिरता सापडला तर वाट बघायला जहाजाकडे इंधन नव्हतं. ते सरळ पुढे निघून जाणार. साहेब हे सगळं भराभरा बोलला आणि शेवटी म्हणाला, "चार वर्षं पाण्यात जातील, मॅडम."

"आणि तो थांबलेला असेल तर? ढीग आत्ता कुठे नव्यानं बसतोय. त्यात परत धक्का दिला की खडी. मी एकदा केलीय खडी. मला माहितीय कशी दिसते."

"मग बाजूला व्हा. मी दाबतो."

वन्संनी खालून आपला जेवणाचा डबा काढला, बटणाच्या झाकणावर ठेवला, डब्याला पोट टेकवून पुढे सरकून बसल्या आणि हात परत काखेत घातले. "उचला मला आणि दाबा. वजन बरंच आहे, आधीच सांगून ठेवते."

आमच्या बाजूचा पाहुणा फिस्सकन हसला. साहेबाचे कान लाल झाले. त्यानं शेजारच्या टेबलाकडे बघितलं. तिथे चष्मेवाला बसला होता, वन्संनीच शिकवलेला. त्याच्या टेबलावरही तसंच बटण. "तुम्ही पाठवा," साहेब म्हणाला. चष्मेवाल्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं, पण काखेतले हात काही बाहेर काढले नाहीत. पलीकडच्या तिघांनीही नाही. मला तेव्हा कळलं की भिंतीवरच्या त्या चार शब्दांत किती ताकद आहे.

मग साहेब फिरला तो थेट आमच्याकडे. काचेचं दार उघडून बाहेर आला. "तुम्ही घरची माणसं. समजवा त्यांना. आज ऐकलं नाही ना, तर यापुढे एकाही दगडाला हात लावू देणार नाही मी. गोदामसुद्धा नाही. सरळ घरी." आणि आत आवाज जाणारा माइक आमच्यापुढे धरला.

हे उठले. "ताई, अगं..." एवढंच म्हणाले तोवर मी यांचा शर्ट धरून खाली बसवलं. खरं सांगते, मला भीती वाटत होती. या बाईला दगडाशिवाय दुसरं काही नाही, हे मी रोज बघत होते. दगड गेले तर ही घरात बसून करणार काय? माझ्या भाजीतलं मीठ राखणार? आणि तरीही मला इतका राग आला होता, साहेबाचा नाही, त्या घाईचा, की माइक माझ्या हातात कधी आला मलाच कळलं नाही.

"साहेब," मी म्हटलं, "या बाईच्या उत्तराची मी इतकी वर्षं वाट बघतेय. किती शिव्या घातल्यात मनात, त्याची गणती नाही. उत्तर उशिरा येतं. पण आलं की ते खरं असतं, आजपर्यंत एकदाही फिरवलेलं नाही. बसा तुम्हीपण." आणि मी माझे हात काखेत घातले. यांनी माझ्याकडे बघितलं, आतल्या बहिणीकडे बघितलं, आणि हळूच आपलेही घातले. यांचा गुडघा हलायचा थांबला.

पाहुणे कंटाळून खायला निघून गेले. दुपार सरली. वन्सं डब्याला टेकून तशाच, पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. संध्याकाळी जाळीच्या जहाजाचा ब्रेक पूर्ण झाला, ते वळलं, आणि त्याच्या कॅमेऱ्यातून चित्र यायला लागलं. वरून खाली एक एक ओळ, जीव काढत. पहिलं चित्र पूर्ण झालं, मग दुसरं आलं. दोन्ही सारखीच. एका खडीचीसुद्धा जागा हललेली नव्हती. रुसलेलं पोर भिंतीकडे तोंड करून बसतं ना, तसा बटाटा अँटेना पलीकडे करून गप्प बसला होता. थांबला होता.

खोलीत एकच कल्ला झाला. चष्मेवाला तर रडलाच. वन्संनी पोटाखालचा डबा ओढला, उघडला आणि सकाळचं गार जेवण जेवायला लागल्या. दोन घास झाल्यावर डब्याच्या फडक्यानं डोळे पुसले आणि परत जेवल्या.

घरी येताना गाडी मी चालवत होते. न राहवून विचारलं, "वन्सं, तुम्हाला आतून वाटत होतं ना, की थांबलाय म्हणून?" दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला त्या म्हणाल्या, "नाही. मला वाटत होतं तोंडच बिघडलंय, आणि तो अजून फिरतोय. चार वर्षं गेली असंच धरून चालले होते मी."

"अहो, मग दाबलं का नाही?"

"वाटण्यावर एकदा दाबून बघितलंय ना."

बटाटा जाळीत गेला. साहेबाला फुलांचा गुच्छ मिळाला, फोटो निघाला, त्यात वन्सं नव्हत्या. कारण साहेबानं शब्द पाळला होता. वरिष्ठांचा हुकूम सगळ्यांदेखत मोडला म्हणून त्यांना घरी बसवलं. चूक झाली असं म्हणा, मग बघू, असा निरोप आला. वन्संनी निरोपाला उत्तरच दिलं नाही. सकाळी उठायच्या, नेहमीच्या वेळेला तयार व्हायच्या आणि खिडकीपाशी खुर्चीत बसायच्या. मी सुट्टीच्या दिवशी म्हटलं, "चला, बस धुवायला या माझ्याबरोबर." आल्या. चाकं अशी घासली की डेपोत चर्चा झाली. पण परत येताना त्यांचे हात बघितले, कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे मांडीवर पडले होते.

मग चष्मेवाल्यानं कळवलं की नवा दगड ठरलाय. बटाट्याच्या दुप्पट, आणि असा वेडावाकडा फिरतोय की कुणी घ्यायला तयार नाही. ऑफिसात त्याला कांदा म्हणतात, कारण बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबाचा फोन. मी स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. वन्सं समोर, हे दारात.

"मॅडम," साहेबाचा आवाज नरम होता, "मलाही वर उत्तर द्यावं लागतं. मला तुमचं एकच वाक्य हवंय. चूक झाली, एवढंच. कुणी ऐकणारसुद्धा नाही, कागदावर राहील. म्हणा, आणि कांदा तुमचा. म्हणता ना?"

वन्संनी खिडकीकडे बघितलं.

हे दारातून खुणा करायला लागले, म्हण ना, म्हणून टाक ना. मी उठले, यांचे दोन्ही हात धरले आणि यांच्याच काखेत घातले. "थांबा," मी कुजबुजले. "येतंय."

"हॅलो? मॅडम? ऐकताय ना?" साहेबाला दम निघेना. "म्हणता ना?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. नळ टपकत होता. मी वन्संचा चेहरा बघत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला घाई नव्हती.

"साहेब," वन्सं म्हणाल्या, "तुम्ही दोनदा विचारलंत, म्हणून दोनदा सांगते. नाही. नाही. आणि कांदा मीच थांबवणार. तुमचं उत्तर यायला वेळ लागला तरी चालेल."

फोन त्यांनीच बंद केला, आणि हात काखेत घातले.